लोखंड मागणारं गिऱ्हाईक

दुकानदारानं मला पहिला प्रश्न विचारला, "कार्यक्रम कोनाचा हाय?"

मी म्हणालो, कार्यक्रम नाही. मला मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे.

"तेच त इचारून राहिलो, सर. कार्यक्रमावर डिटेक्टर ठरते. मंत्री येनार असन त दरवाजा लागते. साधं लग्न असन त हातातला चालते."

अमरावतीत आता लग्नाच्या लॉनवरसुद्धा दरवाजाचा डिटेक्टर उभा करायची पद्धत पडली आहे. तो भाड्यानं मिळतो. पाहुणे त्यातून एकेक करून आत जातात, प्रत्येकाच्या किल्ल्यांवर आणि कमरेच्या पट्ट्यावर तो ओरडतो, आणि बाजूला उभा असलेला गणवेशातला माणूस कोणाकडेही बघत नाही. यजमानाचं वजन किती, एवढंच ते यंत्र दाखवतं.

"मला जमिनीत बघायचंय," मी म्हणालो.

दुकानदारानं मोबाइल काउंटरवर ठेवला. त्याचा आवाज उतरला. "हंडा हाय का?"

वऱ्हाडात जमिनीखाली बघणाऱ्या माणसाला दुसरं काम असू शकत नाही. मी म्हणालो, हंडा नाही, मला लोखंड शोधायचं आहे. लोखंडाचं एक पातं. तो म्हणाला, "लोखंड त भंगारवाल्याकडं भेटते, सर," आणि त्यानं मोबाइल पुन्हा उचलला.

ते पातं म्हणजे वखराची पास. पेरणीआधी वखर फिरवून जमीन मोकळी करतात. त्या वखराच्या खाली आडवं बसवलेलं दीड हात लांब लोखंडी पातं म्हणजे पास. आमचं वावर चांदूर बाजारजवळ आहे. वडिलांनी हयातीतच त्याचे दोन सारखे भाग केले, एक माझा, एक धाकट्या भावाचा, आणि मधल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन्ही टोकांना एकेक दगड रोवला. रस्त्याकडचा दगड पुढे रस्ता रुंद झाला त्यात गेला. नाल्याकडचा उरला. त्या दगडाखाली वडिलांनी जुन्या वखराची पास पुरली होती.

आमच्याकडचे जुने लोक असं करत. दगड उचलून चार पावलं सरकवायला एक माणूस आणि एक सब्बल, लोखंडी पहार, पुरते. खाली लोखंड पुरलेलं असेल तर ते मात्र जागच्या जागी राहतं. वडील म्हणत, "गोट्याले पाय फुटते. लोखंडाले नाई फुटत." त्या दिवशी खड्डा धाकट्यानं खणला, पास मी खांद्यावरून आणून दिली, आणि वडिलांनी स्वतः वाकून ती आत ठेवली. त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेलेला मला दिसतो. मी तेव्हा अमरावतीत एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. धाकटा अकोल्याला एका शाळेत चित्रकला शिकवत होता. दोघांनाही शेती कसायची नव्हती, त्यामुळे वाटणी अगदी प्रेमानं झाली.

वडील गेल्यावर काही वर्षांनी मी माझ्या बाजूच्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या, ओळी मोजल्या. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, तो नोकरीचा गुण. पूर्वी माझ्या वाट्यात रुंदीला चौसष्ट ओळी बसायच्या. त्या वर्षी बासष्ट भरल्या. उलट्या बाजूनं मोजल्या, तरी बासष्ट. दोन ओळी म्हणजे सहा फूट. ते सहा फूट कुठे गेले असावेत याबद्दल मला शंका नव्हती, कारण धुऱ्याच्या पलीकडे एकच माणूस होता.

मी त्याला अकोल्याहून बोलावून घेतलं. तो रविवारी मोटरसायकलनं आला. आम्ही दगड आडवा केला आणि खालची माती त्यानंच काढली, कोपरभर खोल, मग आणखी चार बोटं. लोखंड नव्हतं.

मी म्हणालो, "गोट्याला पाय फुटले वाटतं."

त्यानं पावडं खाली ठेवलं. "दादा, तू मले चोर म्हणून राहिला?"

मी म्हणालो, "मी मोजलंय."

त्यानं माती आत लोटली, दगड पुन्हा उभा केला, नीट, ओळंब्यात, चित्र टांगावं तसा, आणि नाल्यावर हात धुऊन निघून गेला. ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मधे माझी बायको गेली. तो स्मशानात आला होता, मागे लिंबाखाली उभा होता. सगळे निघाले तेव्हा मी त्या बाजूला बघितलं, तर लिंबाखाली दुसरीच माणसं होती.

यंदा होळीच्या सुमाराला माझं वावर मक्त्यानं करणाऱ्याचा फोन आला. त्याला मी इथे मक्तेदार म्हणतो. तो म्हणाला, "सर, तुमच्या भावानं थ्याचा तुकडा इकाले काढला. घेनारा बाहेरचा हाय. आखाजीनंतर तारेचं कुंपन टाकतो म्हन्ते. मशीन आनून धुराच खोदनार हाय."

म्हणजे दगडही जाणार आणि खाली जे काही असेल किंवा नसेल तेही. मी बरोबर होतो की चूक, हे कळायची शेवटची मुदत आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. नऊ वर्षं मला वाटत होतं की मला ते कळलेलंच आहे. पण फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्याजवळ पुरावा म्हणून एक रिकामा खड्डा आहे, आणि रिकामा खड्डा दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. पास सहा फूट पलीकडे, भावाच्या बाजूला सापडली, तर मी बरोबर. नाही तर नऊ वर्षं मी काय करत होतो, याचा जबाब द्यायला मला घरात दुसरं कोणी नव्हतं.

सहा फुटांचा पट्टा हातानं खणणं माझ्या वयाला शक्य नव्हतं. मजूर लावले असते तर दुसऱ्या दिवशी पंचक्रोशीत हंडा निघाला असता. म्हणून यंत्र.

पेन्शनमधून मी पंधरा हजारांची मर्यादा घातली आणि अभ्यासाला लागलो. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की कोणत्याही विषयावर आधी तीन पुस्तकं वाचा. या विषयावर मराठीत एकही नव्हतं. मोबाइलवर मात्र चित्रफिती होत्या, हजारो. त्यात सगळीकडे मला एकच माणूस दिसला: साठी ओलांडलेला, डोक्यावर टोपी, कानाला इअरफोन, परक्या देशातल्या ओल्या कुरणात एकटाच काठी फिरवतोय. मग तो गुडघ्यावर बसतो, माती उकरतो आणि एक बटण काढून कॅमेऱ्याला दाखवतो. शंभर वर्षांपूर्वीचं बटण. त्याचा आनंद खरा असतो. पण कॅमेरा धरायला कोणी नसतो. तो त्यानं स्वतःच तिवईवर लावलेला असतो, आणि बटण दाखवून झालं की त्याला उठून तो बंद करायला जावं लागतं. दुपारचं जेवण झालं की मी या लोकांना बघत बसायचो. त्यांची भाषा मला अर्धी कळायची. संगत मात्र पुरती व्हायची.

हळूहळू या व्यापाराची रीत लक्षात आली. पाच हजारांच्या आतली यंत्रं म्हणजे खेळणी: एक काटा, एक बटण, आणि डब्यावर सोन्याच्या नाण्यांचं चित्र. चाळीस हजारांच्या वरची एकेका कामासाठी असतात, कोणी समुद्राच्या खाऱ्या वाळूत चालतं, कोणी फक्त बारीक सोनकण पकडतं. मधल्या किमतीत जे असतं त्याला 'सर्व कामांसाठी' म्हणतात. हे वर्णन स्थळांच्या जाहिरातीतल्या 'मनमिळाऊ, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष'सारखं असतं; वाचून फक्त एवढंच कळतं की एकाही गोष्टीत विशेष काही नाही. पण गरिबाला आणि म्हाताऱ्याला विशेष परवडत नाही. मला असं एकच यंत्र घ्यायचं होतं जे मला, माझ्या जमिनीला आणि माझ्या खांद्याला मिळून झेपेल.

मधेच अकोल्याच्या एका विक्रेत्याशी फोनवर बोलणं झालं. त्याचं यंत्र सुटकेसमध्ये येत होतं. त्याला दोन पितळी अँटेना होत्या आणि ते म्हणे तीस फूट खोल सोनं, चांदी, पाणी आणि 'पोकळी' दाखवत होतं.

"पोकळी कशाला दाखवतं?" मी विचारलं.

"खजिना पोकळीतच असते, काका. तुमी एकडाव डेमो पाहून घ्या. किंमत तीन लाख हाय, पन तुमच्याकडून दोन ऐंशी घेऊ."

"लोखंड दाखवतं का?"

तो दुखावला. "काका, आमची मशीन लोखंडाले हातबी लावत नाई."

यात मात्र तो खरं बोलत होता, आणि एकट्या त्याच्या यंत्राबद्दल नव्हे. या सगळ्या धंद्याची अक्कल लोखंड टाळण्यात खर्ची पडलेली आहे. जमिनीत खिळे, तारा, नटबोल्ट भरलेले. त्यांच्यावर यंत्र ओरडत राहिलं तर गिऱ्हाईक कंटाळतं. म्हणून प्रत्येक यंत्रात एक सोय असते जी लोखंड लागलं की गप्प राहते. जितकं यंत्र महाग तितकं ते लोखंडाच्या बाबतीत जास्त चतुराईनं बहिरं. जगातल्या सगळ्या गिऱ्हाइकांत लोखंड मागणारा मी एकटाच असावा. तेव्हा मला असं हवं होतं ज्यातली ही सोय पूर्ण बंद करता येते.

दुसरी अट जमिनीची. आमची काळी जमीन काळ्या दगडापासून झाली आहे, आणि त्या दगडात लोहाचा अंश असतो. ज्या यंत्राला मातीशी जुळवून घ्यायची सोय नाही, ते आमच्या वावरात ठेवल्याबरोबर कुरकुर सुरू करतं आणि थांबत नाही. अशी माणसं मला नोकरीत भेटली होती. ती यंत्रात नको होती. म्हणजे मातीचा आवाज हातानं कमी करता येईल अशी एक वेगळी फिरवायची खुंटी हवी, 'ग्राउंड बॅलन्स'ची. तिसरी अट खालच्या चकतीची: छोटी चकती बारीक वस्तू नेमकी दाखवते, मोठी चकती खोल जाते. मला दीड हाताचं पातं शोधायचं होतं, कर्णफूल नव्हे, म्हणून चकती मोठी हवी. चौथी अट वजनाची. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून माझं ऐकत नाही. पाण्यात चालणं, रंगीत पडदा, मोबाइलला जोडणं, हे सगळं मी खोडून टाकलं. नाल्याला उन्हाळ्यात पाणी नसतं, आणि मोबाइलला जोडून कोणाला दाखवणार होतो?

या चार चाळण्यांतून तीन यंत्रं उरली. त्यांतलं एक पंधराच्या पुढे गेलं. दुसऱ्याची दुरुस्ती भारतात होत नव्हती. तिसरं चौदा हजारांना मागवलं. वजन सव्वा किलो, साध्या बाजारात मिळणारे सेल, मातीसाठी वेगळी खुंटी, दहा इंचांची चकती. दिसायला ते कुबडीसारखं होतं. विशेष काही नव्हतं.

घरात ते चालेना. स्लॅबमधल्या सळ्यांवर ते सतत ओरडत राहिलं. म्हणून मी अंगणात, पेरूच्या बुडाशी, जुन्या पावड्याचं पातं कोपरभर खोल पुरलं. शेजारी कुंपणापलीकडून बघत होते.

"काय पुरून राहिले, सर?"

"पावडं."

"मेलं का?"

मी म्हणालो, पुरून पुन्हा शोधणार आहे. ते मान हलवून आत गेले, आणि त्या संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला, की बाबा, तुम्ही बरे आहात ना, शेजारच्या काकूंचा मेसेज होता.

बरा होतो. पावडं सापडलं होतं.

चैत्रात मी सलग चार दिवस पहाटेच्या बसनं वावरात गेलो. उलंगवाडी, कापसाची शेवटची वेचणी, केव्हाच झाली होती, पऱ्हाट्या उपटून नेल्या होत्या आणि जमिनीला बोटं बुडतील एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी सुरुवात दगडापासून सहा फूट पलीकडे, भावाच्या बाजूला केली, जिथे माझ्या हिशेबानं पास असायला हवी होती. पहिल्या दिवशी गुटख्याच्या पुड्यांची चांदी सापडली, एक ॲल्युमिनियमचं झाकण सापडलं, आणि अकरा वाजता माझ्या लक्षात आलं की यंत्र कारखान्यानं लावून दिलेल्या जागीच आहे, म्हणजे लोखंडाला बहिरं. तीन आठवडे ज्या गोष्टीचा अभ्यास केला तीच करायला विसरलो होतो. लोखंडाची खुंटी फिरवल्याबरोबर सगळं वावर बोलायला लागलं.

दुसरा आणि तिसरा दिवस त्या बोलण्यात गेला. बैलाची अर्धी नाल, कोळपणीच्या डवऱ्याचा बोल्ट, तारेचे तुकडे, फवारणीच्या पंपाची नळी. पास नाही. मक्तेदार दोन्ही दिवस येऊन उभा राहिला.

"सर, हंडा भेटला त मले इसरू नोका. चार आने द्या, बारा आने तुमी ठेवा."

"लोखंड शोधतोय रे."

"हो, हो. आमाले असंच सांगतलं पायजे. शिकेल मानूस हाय तुमी."

चौथ्या दिवशी तो आला नाही. पट्टा संपला होता. मी पुढचे सहा फूट तपासले, मग मागचे. फक्त दगडाची जागा उरली. तिथे मी चार दिवसांत एकदाही यंत्र ठेवलं नव्हतं; मनाला सांगत होतो की तिथे खणून झालेलं आहे, आणि दगड स्वतःच काळा असल्यामुळे यंत्र उगाच ओरडेल. दोन्ही कारणं खरी होती. तिथे काही सापडू नये असं मला वाटत होतं, हे तिसरं.

सब्बलीनं दगड आडवा केला आणि लांब लोटला. खुंटी फिरवून यंत्र मातीशी जुळवून घेतलं. चकती खड्ड्याच्या जागेवरून नेली तेव्हा इअरफोनमध्ये काहीतरी झालं. आवाज म्हणावा इतकंही नाही, कोणी दुसऱ्या खोलीत खाकरावं तसं. परत नेली. पुन्हा तेच, त्याच जागी. कोपरभर माती काढली. आता आवाज स्पष्ट होता. मला थांबावंसं वाटलं. उन्हं चढत होती, जवळपास चिटपाखरू नव्हतं, माती लोटून दगड उभा केला असता तर कोणाला काय कळणार होतं? मी पाणी प्यायलो आणि खणत राहिलो.

पास जवळजवळ दोन हात खोल होती. आम्ही जिथे थांबलो होतो तिथून आणखी एक वीतभर खाली तिचं वरचं टोक लागलं, आणि ती आडवी नव्हती, उभी होती, भिंतीत पाचर जावी तशी. वडिलांनी ती आडवी ठेवली होती, हे मी बघितलं होतं. मग डोक्यात उजेड पडला. शेजारी, पायाजवळच, भेग होती. मी सहज तिच्यात पेन्सिल टाकली आणि तिचा आवाजही परत आला नाही. काळी जमीन दर उन्हाळ्यात तोंड उघडते, पावसाळ्यात मिटते. इतक्या उन्हाळ्यांत तिनं पास एका कडेनं उतरवत नेली होती. आमच्याकडच्या कोणत्याही पोराला माहीत असलेली ही गोष्ट, दोन शिकलेल्या भावांना खड्ड्यापाशी उभं राहून सुचली नव्हती.

दगड हलला नव्हता. एक बोटही नाही.

मी दोरी लावून, सब्बलीनं हलवून, तासाभरानं पास वर काढली. तिला खालून धरून उभा राहिलो तर ती मला उचलत होती की मी तिला, हे कळेना. तेवढ्यात मक्तेदार आला. त्यानं पास बघितली, खड्डा बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"खरंच लोखंड हाय बापा," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं. नऊ वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते आता विचारलं. ओळी चौसष्टच्या बासष्ट कशा झाल्या?

"थ्या वर्षी म्या ट्रॅक्टर लावला ना, सर. थ्याच्या आंधी बैल होते."

"पण अंतर तीन फूटच होतं ना?"

"बैलाचे तीन फूट अन् ट्रॅक्टरचे तीन फूट एक नसते. ओळी पाडाची जुनी काकरी आपल्या सुतारानं बनवेल होती. इंचभर कमीच होती थे. सगड्यायले मालूम होतं." मग माझ्याकडे बघून, "तुमी इचारलंच नाई कधी."

मी घरी येऊन कागदावर मांडून बघितलं. चौसष्ट गुणिले पस्तीस इंच आणि बासष्ट गुणिले छत्तीस. आठ इंचांचा फरक येत होता, म्हणजे एका ओळीएवढाही नाही.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. पास कशात न्यायची हा प्रश्न होता. निवृत्तीच्या वेळी कॉलेजनं माझा सत्कार केला तेव्हा सात शाली मिळाल्या होत्या, आणि अमरावतीच्या हवेत त्या सातही कोऱ्या राहिल्या होत्या. त्यांतली एक पासेला पांघरली. डब्यात समोरच्या बाईनं विचारलं, "काय बाजा-गिजा हाय का?" मी हो म्हणालो.

भावाचं घर मला फाटकावरच्या रंगामुळे ओळखता आलं. असा निळा तोच लावू शकतो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. ती क्षणभर ओळखायला थांबली. "भाऊजी," ती म्हणाली, आणि बाजूला झाली. तो आत खुर्चीवर पेपर वाचत होता. त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मला वाटलं होतं ते अजून काळेच असतील.

मी शाल सोडून पास त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली. सगळं सांगितलं, भेग, ट्रॅक्टर, पस्तीस इंच. शेवटी म्हणालो, "मी चुकलो."

त्यानं पास उचलली, कडेवरून अंगठा फिरवला. गंज त्याच्या बोटांना लागला.

"कशानं शोधली म्हन्ला?"

मी यंत्राबद्दल सांगितलं.

"केवढ्याची?"

"चौदा हजार."

"माह्या शब्दाले चौदा हजाराची मशीन लागली," तो म्हणाला. रागानं नव्हे. चित्राला भाव सांगावा तसं. मग त्यानं विचारलं, "काढली तवा सोबत कोन होतं?"

"कोणी नाही. मक्तेदार नंतर आला."

तो माझ्याकडे बघायला लागला, आणि तो काय बघतोय हे मला त्याच्या बोलण्याआधी कळलं.

"दादा, हे कायले उपटून आनली? जाग्यावर राहू द्याची असते थे. दोघानं पुरली त दोघानंच पाहाची. आता कोन सांगन, कुठून निघाली म्हून? उद्या मीच म्हन्लो, थ्या तिकडून सहा फुटावरून काढली अन् खोटं बोलून राहिला, त?"

आख्ख्या नऊ वर्षांत जी एक वस्तू साक्ष देऊ शकली असती, ती मी तिच्या जागेवरून उपटून शालीत गुंडाळून आणली होती. आता तिला काहीच सिद्ध करता येत नव्हतं. त्या खोलीत माझा शब्द तेवढा उरला होता.

"त आता मले तुह्या शब्दावर भरोसा ठेवा लागन," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"ठेवतो," तो म्हणाला. आणि पास भिंतीला टेकवून ठेवली.

तो इतक्या सहज म्हणाला की मला बसवेना. मला वाटतं, तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या बायकोनं चहा आणला. चहा पिताना वावराचं विचारलं, तर तो म्हणाला, सौदा झाला, इसार घेतला, आता मागं येता येत नाही. एकदा तरी मला विचारायचं होतंस, असं मी म्हणणार होतो. ते तोंडातच राहिलं. मग पोरांची चौकशी झाली, माझ्या खांद्याची झाली. त्याला कुठले डोळ्यांचे थेंब चालू आहेत ते त्यानं सांगितलं. नऊ वर्षं अर्ध्या तासात संपली, आणि मग आम्हाला विषय उरला नाही.

"जेवून जा, भाऊजी," त्याची बायको म्हणाली.

आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला जेवणाचा आग्रह तीनदा होतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा गाडीचं कारण सांगायचं, तिसऱ्यांदा हात धुवायला उठायचं. मी पहिल्यांदा नाही म्हणालो. कप बशीवर ठेवला, शाल घडी केली, पायात चपला घातल्या, प्रत्येक गोष्टीला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ घेतला.

भाऊ फाटकापर्यंत आला. "दोन वाजताची गाडी भेटन तुले," तो म्हणाला, "जरा भरभर चाल."